चौथ्या खळग्यातला थेंब

मित्रांनो, मला साबणदाणी समजू नका. सध्या माझ्यावर लाल साबणाची वडी असते, हे खरं आहे. येणारा-जाणारा हात धुतो, वडी माझ्यावर आपटतो आणि चालू लागतो. पण माझ्या अंगावरचे हे बारा गोल खळगे साबणाचं पाणी साचवायला कुणी पाडले नव्हते. मी रक्तगट तपासायची टाइल आहे. पांढरी, जाड, चिनी मातीची. घाटकोपरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या रक्तपेढीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी सात वर्षं काम केलं. हजारो माणसांचे गट बरोबर सांगितले. काही चुकीचे सांगितले. त्यातल्या दोन चुका मला अजून झोपू देत नाहीत.

गुजरातेतल्या एका भट्टीत मला भाजलं. बारा खळगे, चारच्या तीन ओळी, वर काचेसारखी चकाकी. एक्क्याऐंशी साली भाताच्या पेंढ्यात गुंडाळून मी घाटकोपरला आले. शकुनं माझा पेंढा काढला. शकु म्हणजे रक्तपेढीतली टेक्निशियन. विक्रोळीहून यायची, तोंडाची फटकळ, हाताची फार हलकी. पहिल्याच दिवशी मला नळाखाली धरून म्हणाली, "चल ग बाई, लाग कामाला. इथं फुकट कुणी बसत नाही."

काम सोपं दिसायचं. बोटाला टोचायचं आणि थेंब माझ्या दोन खळग्यांत टाकायचा. एकात निळं औषध, दुसऱ्यात पिवळं. काडीनं ढवळायचं. मग शकु मला दोन्ही हातांत धरून हळूहळू डोलवायची, दोन मिनिटं. निळ्यात दूध फाटल्यासारखा रवा धरला की गट ए. पिवळ्यात धरला की बी. दोन्हींत धरला की एबी. कुठंच धरला नाही, रक्त गुळगुळीत राहिलं, की ओ.

टेबलावर एक जाडं विलायती पुस्तक असायचं. त्यात लिहिलं होतं की बी गट दहा जणांत एखाद्याचा. शकु हसायची. माझ्यावर तर दर तिसरा माणूस बी निघायचा. पुस्तक खोटं नव्हतं, ते तिकडच्या माणसांचं होतं, एवढंच. माणसं जिथं जिथं पिढ्यान् पिढ्या राहिली, तिथलं तिथलं रक्त थोडं थोडं वेगळं झालं. हे मला टाइल असून कळलं. पण याच गोष्टीचा माणसं भलताच अर्थ काढायची. बाटली न्यायला आलेला नातेवाईक हळूच विचारायचा, "रक्त कुणाचं आहे? म्हणजे कुठल्या लोकांतलं?" मरणाच्या दारात माणूस पडलाय आणि याला चौकशी करायचीय! शकु बाटली पुढं सरकवायची. म्हणायची, "बाटलीवर गट लिहितात. बाकीचं लिहायला जागा नाही. नेताय की ठेवू?"

सगळे नेत. एकानंही कधी ठेवली नाही.

माझी तेव्हा फार वाहवा व्हायची. आमचे डॉक्टर शरच्चंद्र पाहुण्यांना मला दाखवत. ब्याऐंशी साली विक्रोळीच्या एका कारखान्यात रक्तगट तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा मला टॉवेलात गुंडाळून नेलं. कामगार आणि त्यांच्या घरची माणसं मिळून चारशे जण एका दिवसात. झालं की पुसलं, पुसलं की पुढचा. प्रत्येकाला गट लिहिलेलं गुलाबी कार्ड मिळालं. लोकांनी ती कार्डं पाकिटात, पोथीत, देवांच्या फोटोमागे जपून ठेवली. छापील असलं की माणसाला ते खरं वाटतं. त्या दिवशी मला माझाच फार अभिमान वाटला होता.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत जानकी आली.

जानकी पहिलटकरीण. सासर लांज्याचं. बाळंतपणाला माहेरी आलेली, भावाच्या घरी, इथंच घाटकोपरला. आठवा महिना. तपासणीत कळलं की वार खाली सरकली आहे, कधीही रक्त जायला लागेल. दोन बाटल्या आधी तयार ठेवा, असं वरून सांगून आलं. थोरला भाऊ काशीराम तिचं रक्त घेऊन आला. कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं, आवाज मोठा.

शकुनं मला डोलवलं. निळं गुळगुळीत. पिवळं गुळगुळीत.

"ओ आहे," मी सांगितलं. म्हणजे माझ्या अंगावरून तसं दिसलं.

"ओ म्हणजे चिंता नाही," काशीराम म्हणाला. "ओ कुठंही मिळतं."

शकुनं शीतकपाटातून ओची बाटली काढली. आता मित्रांनो, इथं नीट ऐका. घाईच्या वेळी, गट जुळला ना, मग चढवा, असं म्हणणारे खूप असतात. शकु त्यातली नव्हती. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. जानकीचं सीरम आणि बाटलीतलं रक्त तिनं काचेच्या नळीत एकत्र केलं. रवा धरला. ओमध्ये ओ टाकलं आणि दूध फाटलं! दुसरी बाटली काढली. तेच. तिसरी, चौथी, सहावी. सगळ्या ओच्या, सगळ्या फाटल्या. हेच रक्त जानकीच्या अंगात गेलं असतं तर असंच फुटलं असतं आणि ती तासाभरात गेली असती. आणि कागदावर सगळं बरोबर असतं. ओला ओ.

डॉक्टर शरच्चंद्र उठून टेबलाशी आले. नळी उजेडात धरून बघत राहिले. "शकु, ही ओ नाही," ते म्हणाले. "ही बॉम्बे आहे."

नाव आपल्या शहराचंच. तीसेक वर्षांपूर्वी हा गट पहिल्यांदा इथंच सापडला, म्हणून. ए, बी, ओ, सगळ्यांच्या रक्तपेशींवर एक पाया असतो. त्याला एच म्हणतात. त्यावर ए चढतो, बी चढतो. काही चढलं नाही तर ओ. फार थोड्या माणसांत तो पायाच नसतो. मग त्यांचं रक्त माझ्यावर ओसारखंच दिसतं, पण त्यांच्या अंगाला ओ परकं वाटतं. आपल्याकडे दहा हजारांत एखादा असा. विलायतेत दहा लाखांत शोधावा लागतो. आणि मला? मला तो दिसतच नाही. माझ्याजवळ औषधं दोन, निळं आणि पिवळं. पाया बघायला तिसरं काही नव्हतं. ज्यात कुठंच रवा नाही, तो ओ, असं मी छातीठोकपणे सांगत आले होते.

शहरातल्या मोठ्या रक्तपेढीत फोन लावला. त्यांच्याजवळ असे पाच जण होते. एक कावीळ होऊन पडलेला, एकानं गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं, दोघं गाव सोडून गेलेले, एकाचा पत्ताच बदललेला.

"सख्ख्या भावंडांत बघ," डॉक्टर म्हणाले. "चारांत एकाची शक्यता असते."

शकुनं काशीरामला समोर बसवलं. "भावंडं किती तुम्ही?"

"तिघं. मी, माणिक आणि जानकी."

"नक्की?"

"म्हणजे काय, बाई? आमची भावंडं आम्हाला माहीत नाहीत?"

काशीरामच्या बोटाला टोचलं. त्याचा थेंब जानकीच्या सीरममध्ये पडला आणि फाटला. धाकटा माणिक कामावरून धावत आला, त्याचाही फाटला. काशीराम म्हणाला, "आमच्या भावकीतली चाळीस माणसं उद्या आणून उभी करतो." केली की! दोन दिवस जिन्यापर्यंत रांग. सगळं आपलं, खात्रीचं रक्त. मी डोलून डोलून थकले. चाळीसच्या चाळीस फाटले.

तिसऱ्या दिवशी शकु म्हणाली, "आई राहिली. आईचं बघते."

त्यांची आई तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती. सुकलेली, नऊवारीतली बाई. कुणी तिला काही विचारलं नव्हतं. ती आत आली, हात पुढं केला. बाईमाणसाचं रक्त तपासताना एक प्रश्न विचारायचाच, असा आमच्याकडे रिवाज होता, कारण प्रत्येक बाळंतपणात रक्तात काही ना काही बदलू शकतं. शकुनं न बघताच विचारलं, "मावशी, बाळंतपणं किती?"

"चार."

शकुची काडी थांबली. "चार? एक गेलं का लहानपणी?"

"नाय गो. आसा. गोवंडीक आसा."

दारात उभा असलेला काशीराम पुढं आला. "आई, काय बोलतेस तू? बाई, तिला काही कळत नाही. ती घाबरलीय. लिहा तीन."

म्हातारीनं मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. शकुकडे बघत म्हणाली, "माका मोजूक येता. माझी चार."

शकुनं काडी माझ्यावर आडवी ठेवली आणि काशीरामकडे वळली. "चौथं कोण?"

"ती आमच्यात नाही. सहा वर्षांपूर्वी तिच्या नावानं आंघोळ केली आम्ही."

"मेली?"

"लग्न केलं. परस्पर. त्या लोकांत गेली."

"कुठल्या लोकांत?"

काशीरामचा मोठा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "म्हणजे... ते... बौद्धांत."

"मग माझ्यात आली म्हणा की," शकु म्हणाली. "तीन दिवस तुमच्या बहिणीचं रक्त माझ्याच हातात आहे, काशीरामभाऊ. तेव्हा नाही विटाळ झाला तो?"

तो बाकावर जाऊन बसला. माणूस वाईट नव्हता, हे मी कबूल करते. बहिणीसाठी तीन दिवस धड जेवला नव्हता. चाळीस माणसं हातापाया पडून गोळा केली होती. पण एक नाव जिभेवर येईना, म्हणून तो दुसऱ्या बहिणीला मरू देत होता, आणि हे त्याला कळत नव्हतं. असल्या माणसांचा मला राग येतो, मित्रांनो. दगडाच्या माणसाचा येत नाही इतका येतो.

मालन तिचं नाव. नवरा अंबादास, विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. म्हातारीचा थेंबही फाटला, पण लेकीचं सगळं तिला ठाऊक होतं. शकुनं कारखान्यात फोन करून निरोप ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हजर. मालन बुटकी, हसऱ्या डोळ्यांची. काशीराम दारातच होता. सहा वर्षांनी समोरासमोर आली भावंडं. मालननं पदर खोचला.

"काय रे दादा," ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं रक्त चालतं का तुला?"

काशीरामनं मान खाली घातली आणि बाजूला झाला.

पण आत येऊन बसल्यावर तिचाच चेहरा उतरला. पर्समधून तिनं एक कार्ड काढलं. गुलाबी. "ताई, निरोप आला तशी धावत आले मी. पण माझा तर ओ आहे. हे बघा, छापलेलं. आणि ओ चालत नाही म्हणता. मग मी काय उपयोगाची?"

ते कार्ड मी ओळखलं. ब्याऐंशीचं शिबिर, विक्रोळीचा कारखाना, चारशे जणांतली एक. ही माझ्या अंगावरून गेली होती! हिचा थेंब माझ्यात पडला होता आणि मी छातीठोकपणे ओ सांगून मोकळी झाले होते. दोन वर्षं ही बाई माझं खोटं पर्समध्ये घेऊन हिंडत होती. रस्त्यात गाडीनं उडवलं असतं, तर कुणीतरी ते कार्ड वाचून तिला ओ चढवलं असतं. मला वाटलं, शकुच्या हातातून पडावं आणि फुटून जावं.

"ते कार्ड विसरा," शकु म्हणाली. "आम्ही अर्धंच बघून लिहिलं होतं. आता उलटं बघू."

पहिल्या खळग्यात तिनं मालनचं सीरम टाकलं आणि खात्रीच्या ओ रक्ताच्या पेशी. मालन खरोखर ओ असती, तर काही व्हायला नको होतं. मला उचललं. डोलवलं. अर्ध्या मिनिटात दूध फाटलं.

डॉक्टर शरच्चंद्र चष्मा काढून पुसू लागले.

मग चौथा खळगा. त्यात जानकीचं सीरम आणि मालनच्या पेशी. शकुनं मला इतकं हळू डोलवलं, जणू मी भरलेली वाटी आहे. एक मिनिट. दीड. म्हातारी दाराशी उभी. दोन मिनिटं. थेंब या कडेला गेला, त्या कडेला आला. कुंकवाच्या पाण्यासारखा गुळगुळीत, एकसंध. चार दिवस माझ्या अंगावर जे जे जानकीला भेटलं, ते ते फाटलं होतं. ही एकटी तिच्यात मिसळून गेली.

"जुळलं," शकु म्हणाली आणि तिचा फटकळ आवाज फुटला. "जुळलं ग बाई. नळीत अजून बघते, पण जुळलं."

नळीतही जुळलं. मालनचं वजन जेमतेम भरलं. एक बाटली काढली. तिनं चहा घेतला, ग्लुकोजची बिस्किटं खाल्ली आणि विचारलं, "जानकी कुठाय? वरच्या मजल्यावर? जाऊन येऊ?"

काशीराम जिन्याच्या तोंडाशी उभा होता. "आज नको. तिला त्रास होईल. तिच्या सासरची माणसं बसलीत वर."

अंबादास उसळून काही बोलणार होता. मालननं त्याचा दंड धरला. "राहू दे हो. माझं रक्त जाणारच आहे वर," ती म्हणाली. आईच्या गालावरून हात फिरवून ती निघून गेली.

बाटलीला एकवीस दिवसांचं आयुष्य. शीतकपाटात ती वेगळ्या फळीवर ठेवली होती. शकु रोज सकाळी आल्याबरोबर आधी तिच्याकडे बघायची, मग पंखा लावायची. दहा दिवस गेले. पंधरा गेले. एकविसाव्या दिवसानंतर ती ओतून द्यावी लागली असती आणि मालनला तीन महिने दुसरी देता आली नसती. अठरा गेले. एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी वरून आरडाओरडा ऐकू आला, आणि काशीराम जिना उतरत आला. दोन्ही हात कोपरापर्यंत बहिणीच्या रक्तानं भिजलेले. "बाई, द्या," म्हणाला. "मालूची बाटली द्या."

सहा वर्षांत त्यानं तिचं नाव घेतलं ते असं.

जानकी वाचली. मुलगी झाली. दहा दिवसांनी घरी जाण्याआधी ती बाळाला घेऊन खाली आली, बाळाचा गट बघायला. पिवळीफटक, भिंतीला धरून चालत. बाळाच्या टाचेला टोचून झालं, बाळ रडून झोपलं. तरी जानकी उठेना.

"शकुताई," ती म्हणाली, "मालू कुठं होती? म्हणजे यातल्या कुठल्या?"

शकुनं चौथा खळगा दाखवला. जानकीनं त्यात बोट ठेवलं. मी कधीच धुऊन कोरडी झाले होते, तिथं काहीही नव्हतं. तरी बराच वेळ तिनं बोट तिथून काढलं नाही. "आम्ही दोघी एका पांघरुणात झोपायचो," एवढंच म्हणाली. मग लांज्याला निघून गेली.

त्यानंतर शकुनं एक गोष्ट केली. शिबिरातल्या सगळ्या ओवाल्यांना पत्रं पाठवून बोलावलं आणि उलटी तपासणी केली. बरेच आले, बरेच आले नाहीत. मालनचं कार्ड फाडून नवं दिलं. तिला नंतर दोनदा बोलावणं गेलं, अनोळखी माणसांसाठी. दोन्ही वेळा आली. दर वेळी इकडंतिकडं बघत विचारायची, "जानकीचं काही कळलं?" आणि जानकी माहेरपणाला येऊन मुलीला डोस द्यायला आली, की घरच्यांची नजर चुकवून रक्तपेढीच्या दारात डोकावून विचारायची, "मालू आली होती?" एकदा तर दोघींमध्ये चारच दिवसांचं अंतर पडलं. मी दोघींचे आवाज ऐकले. मला तोंड असतं तर ओरडले असते.

सत्त्याऐंशीत काशीराम आला. एकटाच. कुणी आजारी नव्हतं. टेबलाजवळ उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.

"बाई, आई हल्ली सारखी विचारते, चौघं एकदम कधी येणार म्हणून," तो म्हणाला. "मालूचा गोवंडीचा पत्ता... तुमच्याकडे असेल ना?"

शकुनं पेन उचललं. "सख्ख्या बहिणीचा पत्ता रक्तपेढीत मागताय, काशीरामभाऊ."

"हो," तो म्हणाला. "तिथंच मागावा लागतोय."

तिनं बाटलीला लावायच्या कोऱ्या लेबलवर पत्ता लिहून दिला. त्यानं तो वाचला, घडी घातली, दोन पेनांच्या मागं खिशात ठेवला. तो गेला की नाही, मला माहीत नाही. पुढच्याच वर्षी माझा एक कोपरा उडाला. नळ्यांवर काम होऊ लागलं, नव्या आजाराच्या तपासण्या आल्या, आणि कुणीतरी मला बेसिनवर नेऊन ठेवलं. शकुची बदली झाली. इथं हात धुवायला कितीतरी माणसं येतात. बोटाला कापसाचा बोळा लावलेली बाई आली, की मी तिचे डोळे बघते. हसरे आहेत का, बघते. शेजारच्या दोन खळग्यांत दोघींचे थेंब एकदा बघायचे राहिलेत. माझा चौथा खळगा मी साबणाला देत नाही. वडी नेहमी दुसऱ्या बाजूला घसरते, ती काही उगाच नाही.

तर मित्रांनो, माझी जागा घेणाऱ्या नव्या काचा आणि नळ्या तुम्ही उद्या हाताळाल. रक्त वर वर बघून ओ लिहू नका. उलटं करून बघा, जुळवून बघा, मगच बाटली द्या. कार्डावर छापलंय, एवढ्यावर कुणाच्याही अंगात थेंब सोडू नका. आणि तुमच्या घरात कुणी विचारलं, भावंडं किती, तर घाईनं बोटं मोजू नका.

आधी आईला विचारा. तिला मोजता येतं.